शुक्रवारची रात्र

नोआगावात कुणी मेलं की कबर खणणाऱ्याला निरोप जायच्या आधी एक माणूस समरुन चाचीच्या घरी जायचा. अंगणातूनच विचारायचा, "चाची, थांबायचं की न्यायचं?"

चाची ओसरीवर यायची. भिंतीवर दोन घड्याळं होती. उजवीकडचं इथलं, डावीकडचं लंडनचं. डावीकडच्या घड्याळाकडे बघत ती विचारायची, "पोराला कळवलं कधी? राहतो कुठं? थेट विमान मिळतंय की मध्ये उतरायचंय?" मग डोळे मिटून ओठांतल्या ओठांत काही पुटपुटायची आणि सांगायची, "उद्या दुपार कलताना असरच्या नमाजापर्यंत थांबा. पोचतो." नाहीतर, "नका थांबू. नाही व्हायचं त्याच्यानं. माटी द्या."

कुशियारा नदीच्या काठच्या त्या गावात घरटी एक तरी माणूस तिकडे होता. तो मँचेस्टरला असो की बर्मिंगहॅमला, गावाच्या लेखी ते सगळं लंडनच, आणि त्याच्या घरचे सगळे 'लंडनी'. पण लंडन किती लांब आहे हे विचाराल तर कुणी म्हणायचं सात समुद्र, कुणी म्हणायचं एक झोप आणि दोन जेवणं. नेमकं सांगणारी समरुन चाची एकटीच. सिलेटच्या विमानतळापासून लंडनचा विमानतळ जवळजवळ आठ हजार किलोमीटर. जाताना अकरा तास, येताना दहा. घड्याळात उन्हाळ्यात पाच तासांचा फरक, हिवाळ्यात सहाचा. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटेची फजरची नमाज झाली की ती स्टुलावर चढून डावीकडच्या घड्याळाचा काटा सरकवायची. त्या दिवशी शेजारच्या बायका मुद्दाम बघायला यायच्या.

"जाताना अकरा आणि येताना दहा कसे गं चाची? वाट तीच ना?" कुणीतरी विचारायचंच.

"जाताना वारा तोंडावर असतो, येताना पाठीशी. घरी येणाऱ्याला वारासुद्धा हातभार लावतो."

तिच्या या बोलण्यावर तिचा नवरा तैमुस अली खाटेवर पडल्या पडल्या हसायचा आणि हसता हसता खोकायचा. "ज्या बाईच्या घरी दोन घड्याळं, तिला दोन नवरे असतात म्हणे."

"एकच धड हाती लागला नाही, दोन कुठले," चाची म्हणायची. बायका तोंडाला पदर लावायच्या. तैमुस अली मात्र कूस बदलायचा, कारण ते खरं होतं.

तैमुस अली लग्नानंतर चौथ्या महिन्यात लंडनला परत गेला होता. तिथे एका हॉटेलच्या मुदपाकखान्यात तो कांदे सोलायचा, पुढे स्वयंपाक करू लागला. तीन-चार वर्षांतून एकदा यायचा, दोन महिने राहायचा. लुकमान जन्मला तेव्हा तो तिथेच होता. लुकमान दहा वर्षांचा झाला तेव्हा तो दोघांना न्यायला म्हणून आला. पोराचं नाव बापाच्या पासपोर्टवर होतं, त्याला अडचण नव्हती. बायकोसाठी मात्र ढाक्याच्या एका कचेरीत मुलाखत होती. नवरा-बायकोला वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं आणि तेच तेच प्रश्न विचारले. म्हशी किती? विहीर की नळ? घरापासून मशीद किती लांब?

तैमुस अली म्हणाला, पाव मैल.

समरुन म्हणाली, एक पान चघळून होईपर्यंत.

तिनं खोटं सांगितलं नव्हतं. गावातल्या बाया तसंच सांगत. बाजार दोन पानं, नदीचा घाट अर्धं पान. दुभाष्यानं ते कसं सांगितलं आणि पलीकडच्यानं काय लिहून घेतलं, अल्ला जाणे. कागदावर शेरा आला की दोघांची उत्तरं जुळत नाहीत, ही या माणसाची बायको असल्याची खात्री पटत नाही.

"पुन्हा अर्ज करू," तैमुस अली म्हणाला. "पोराची शाळा बुडायला नको. त्याला घेऊन जातो. तू सहा महिन्यांत ये."

ढाक्याच्या विमानतळावर लुकमाननं तिचा पदर धरला होता. तिनं एकेक बोट सोडवलं. तो विचारत होता, "आम्मा, किती लांब आहे? पानाएवढं?" ती म्हणाली, "हो रे बाबा, दोन पानांएवढं."

सहा महिन्यांनी सासूला पक्षाघात झाला. ती अकरा वर्षं अंथरुणावर होती. ती गेली तेव्हा लुकमान बावीस वर्षांचा होता, त्याला मिशी फुटली होती, आणि फोनवर तो बोलायचा ते समरुनला निम्मं कळायचं. आता तिथं जाऊन काय करू, असं तीच म्हणाली. कुणी फार आग्रहही केला नाही.

पण त्या कचेरीतल्या दिवसानंतर तिनं अंतर कधी पानांत सांगितलं नाही. पुतण्या एखलास शाळेत होता तेव्हा त्याच्या पृथ्वीच्या गोळ्यावर तिनं शिवणाचा दोरा लावून सिलेट ते लंडन मोजलं होतं. तिकिटं काढून देणाऱ्या दुकानात जाऊन कुठलं विमान कधी सुटतं, मध्ये कुठं किती थांबतं, हे विचारून घेतलं होतं. जाणाऱ्या प्रत्येकाच्या सामानात ती लुकमानसाठी सातकऱ्याचं लोणचं घालायची. त्या जाड सालीच्या लिंबाचा वास कपड्यांना लागतो म्हणून लोक कुरकुर करायचे, पण न्यायचे. पोचवून परतलेल्याला ती पहिला प्रश्न विचारायची, "दारातून दारात किती तास लागले?" लुकमान कसा दिसतो, हे त्यानंतर.

असं करता करता ती गावाची घड्याळवाली झाली. तेरा मिया नावाच्या म्हाताऱ्याच्या मयतीला सगळे म्हणत होते की पोरं येत नाहीत, उरकून टाका. चाची म्हणाली, थांबा. जनाजा उचलायला लोक वाकले आणि गाडी अंगणात शिरली. दोन्ही पोरांनी बापाला खांदा दिला. त्या दिवसापासून तिचा शब्द मौलवी साहेबही मोडत नव्हते.

वेळी-अवेळी तिकडे फोन लावणाऱ्यांनाही ती झापायची. "तिथं रात्रीचे दोन वाजलेत. पोरं दिवसभर राबून झोपलीत. तुझ्या गाईला वासरू झालं ते सकाळी कळलं तर काय बिघडतं?"

एकदाच तिच्या शब्दानं कुणी दुखावलं. जयगुनचा नवरा भर जेठात गेला. तिचा मुलगा न्यूयॉर्कला. चाचीनं हिशेब केला आणि म्हणाली, "तीस तास. ऊन असं. मयत ठेवायची बर्फाची गाडी मिळत नाहीये. नको जयगुन, मेलेल्या माणसाला वाट बघायला लावू नये. त्याला जायची घाई असते." जयगुननं ऐकलं. मुलगा आला तेव्हा कबरीवरची माती वाळून तडकली होती. जयगुन कधी भांडली नाही. घाटावर एकदाच म्हणाली, "तुझा लुकमान वेळेवर पोचो हां, आपा." तो आशीर्वाद होता की टोमणा, हे चाचीला कधी उमगलं नाही. ती मात्र ते विसरली नाही.

तैमुस अली सहा वर्षांपूर्वी कायमचा परत आला होता. छाती गेली होती. सहा वर्षं दोघं नव्यानं लग्न झाल्यासारखी राहिली, म्हणजे अवघडून. त्याला चहा कसा लागतो हे तिला त्याला विचारावं लागलं.

जानेवारीतल्या एका बुधवारी असरच्या सुमाराला तो गेला. चाचीनं आधी त्याचे डोळे मिटले, मग डावीकडे बघितलं. सकाळचे दहा. म्हणाली, "एखलास, फोन लाव. तो जागा असेल."

लुकमान ऐकून 'तिकीट बघतो' एवढंच म्हणाला. तासाभरानं त्याचा फोन आला.

"आम्मा, तिकीट मिळालं. शुक्रवारी रात्री पोचतो. मी यायच्या आत आब्बांना नेऊ नका. आम्मा, ऐकतेस ना? मला माटी द्यायचीये त्यांना."

"नाही नेत. शुक्रवारच्या रात्री. नाही नेत, बाबा."

"ठेवतो. खूप कामं आहेत."

नोआगावात रात्र आधी येते आणि दिवस तिच्या मागून. गुरुवारचा सूर्य बुडला, मगरिबची अजान झाली की शुक्रवार लागला. त्या रात्रीला म्हातारी माणसं शुक्रवारची रात्र म्हणतात. त्या रात्री कुराण वाचतात, फकिराला भात घालतात. चाचीच्या आईनं तसंच म्हटलं, तिच्या सासूनं तसंच म्हटलं. चाचीनं मनात मांडणी केली. गुरुवारी दुपारी तिथून थेट विमान. तेव्हा इथं संध्याकाळचे सहा. त्यात दहा तास घाला. पहाटेचे चार. म्हणजे शुक्रवारची रात्रच, फजरच्या आधी. हिशेब चोख बसला. इतका चोख की दुसरं काही मनात यायला जागाच उरली नाही.

"चाची, तिकिटाचा फोटो मागवू का फोनवर?" एखलासनं विचारलं.

"बाप मेलाय त्याचा. त्याला कागद काय मागतोस? माझा हिशेब कधी चुकलाय?"

एखलासनं फोन खिशात ठेवला. तो तिच्या हिशेबावरच वाढला होता.

मौलवी साहेब आले, दाराबाहेर खुर्चीवर बसले. "बहन, उशीर करू नये हे तुम्हीच लोकांना सांगता."

"शुक्रवारच्या रात्री पोचतोय तो. जुम्म्याच्या नमाजानंतर जनाजा करा. तीन गावांची माणसं असतात. याहून चांगली वेळ कुणाला मिळते?"

ते कुणालाही पटण्यासारखं होतं. सिलेटहून बर्फाची गाडी आली, अंगणात सुपारीच्या झाडांखाली घुरघुरत उभी राहिली. गुरुवारी दुपारी दोन वाजता लुकमानचा फोन एखलासनं घेतला. "निघालोय घरून," एवढंच ऐकू आलं आणि फोन तुटला. चाचीनं डावीकडे बघितलं. आठ. बरोबर. त्याच्या गावाहून विमानतळ दोन तास. दुपारचं विमान. संध्याकाळी एखलास पुन्हा फोन लावायला निघाला तर तिनं त्याचा हात धरला. "आता तो आभाळात आहे. फोन बंद असणार. उगाच कशाला?"

त्या वेळी लुकमान लंडनच्या विमानतळाबाहेर बाकावर बसून चहा पीत होता, आणि फोन त्याच्या हातात होता. हे तिला नंतर कळलं.

पहाटे एखलासचा सिलेटच्या विमानतळावरून फोन आला. "चाची, आलेलं विमान रिकामं झालं. लुकमानभाई नाहीत."

"धुकं किती आहे?"

"विमान उतरलं आणि दाटलं. हात दिसत नाही इतकं."

"मग तो मागून येणाऱ्या दुसऱ्या विमानात असेल, ते ढाक्याला उतरवलं असेल. थांब तिथंच."

तो नऊपर्यंत थांबला. धुकं विरलं. लुकमानचा फोन बंदच होता. गाडी घेऊन तो परत आला तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं.

"भाभीला विचारू का लंडनला?" तो म्हणाला.

चाचीनं घड्याळ बघितलं. इथं साडेनऊ, तिथं साडेतीन. आयुष्यभर दुसऱ्यांना जे सांगितलं तेच तिच्या तोंडून आलं. "लेकरं झोपली असतील. दचकून उठतील. उजाडू दे."

बारा वाजता तिनंच सांगितलं, लाव. फोन वाजून वाजून बंद पडला. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

जुम्म्याची पहिली अजान झाली. मौलवी साहेबांचा निरोप आला, बहन काय ते सांगा. जयगुन सकाळपासून चाचीजवळ बसून होती. पानदान पुढ्यात होतं, पण दोघींनी पान लावलं नव्हतं.

"असरपर्यंत थांबू या, आपा," जयगुन म्हणाली.

"जुम्मा झाला की माणसं पांगतील."

"पांगू देत. चार माणसं पुरतात खांद्याला. पोरगं येईल तुझं."

"तुला मी थांबू दिलं नव्हतं, जयगुन."

"मग? त्याची फेड म्हणून बसलेय का मी इथं? थांब म्हणतेय ना!" जयगुनचा आवाज चढला. बाकीच्या बायका बघू लागल्या. "तू सांगितलंस ते मी ऐकलं. आता मी सांगते ते तू ऐक की एकदा!"

चाचीला ते ऐकायचं होतं. पण बाहेर बर्फाची गाडी दोन दिवस घुरघुरत होती, आत तिचा नवरा एकटा पडला होता, आणि पोरगं कुठल्या आभाळात आहे ते दोन्ही घड्याळं सांगत नव्हती. आता थांबायचं ते कशाच्या भरवशावर? असरपर्यंत? मग मगरिब? उद्या? तिनं दुसऱ्यांना जेव्हा थांबा म्हटलं तेव्हा हाताशी आकडा होता. आज तिच्याकडे आकडा नव्हता.

"मेलेल्या माणसाला वाट बघायला लावू नये," ती म्हणाली. "सांग एखलास. द्या माटी."

जयगुननं तोंड फिरवलं. ती रडत होती.

बायका कबरस्तानात जात नाहीत. चाची सुपारीच्या झाडापाशी उभी राहिली. जनाजा वळणावरून दिसेनासा झाला. मग मशिदीच्या बाजूनं तकबीर ऐकू आली, मग काही नाही. मशीद एक पान चघळून होईपर्यंत. ती मनात तेवढा वेळ मोजत राहिली.

पावणेतीनला माणसं हातपाय धुऊन परतत होती तेव्हा एखलासचा फोन वाजला. सून होती. "माफ करा, आम्मा. फोनचा आवाज बंद होता. पोरांना शाळेत सोडून आत्ता बघतेय. काय झालं?"

"लुकमान कुठाय? काल रात्री यायचा होता तो."

"काल? नाही आम्मा, घरून सकाळी निघाले, पण विमान काल रात्रीचं होतं. शुक्रवारी रात्री पोचतो म्हणाले होते ना तुम्हाला? शुक्रवारी रात्री. म्हणजे आज."

चाची उंबऱ्यावर बसली.

"आम्मा? आम्मा, आब्बांना अजून…"

"त्याला तू काही कळवू नकोस," चाची म्हणाली. "फोन आला तरी नाही. शपथ आहे तुला." आणि तिनं फोन एखलासच्या हातात दिला.

एखलासनं भिंतीला डोकं टेकलं होतं. "मी फोटो मागवायला हवा होता," तो म्हणाला.

"तुझा काय दोष. दहा वर्षांचा होता तो. दिवसाची सुरुवात रात्रीपासून असते, हे त्याला तिथं कोण सांगणार होतं? मी सांगायचं होतं. मी होते कुठं?"

सव्वापाचला लुकमानचा फोन आला. मागे विमानतळावरची घोषणा ऐकू येत होती.

"आम्मा! ढाक्याला उतरलो. सहाचं सिलेटचं विमान मिळालंय. दोन रात्री डोळा नाही लागला गं, पण आलो. अजून शुक्रवार आहे ना? वेळेत आहे ना मी?"

चाचीनं फोन दोन्ही हातांनी धरला. समोर बर्फाच्या गाडीच्या चाकांनी अंगणात पाडलेले चर दिसत होते.

"वेळेत आहेस, बाबा."

"आब्बा कुठं आहेत?"

"इथंच आहेत. गावातच. तू ये. काही खाल्लंस का?"

"आलो की खातो. थांबा हं सगळे."

फोन बंद झाल्यावर तिनं सवयीनं हिशेब केला. सिलेटला पावणेसात. सामान घेऊन बाहेर पडायला अर्धा तास. तिथून गाव दीड तास. पावणेनऊ. म्हणजे अजून साडेतीन तास लुकमानचा बाप मातीच्या वर होता. अजून साडेतीन तास त्याला बापाचं तोंड बघायचं होतं, खांदा द्यायचा होता, तीन मुठी माती घालायची होती. एवढंच तिला आता देता येण्यासारखं होतं.

"एखलास, गाडी काढ. गाडीत त्याला काही सांगू नकोस. विचारलं तर सांग, आम्मा सांगेल."

"बरं."

"आणि येताना मशिदीवरून आणू नकोस. कबरस्तान रस्त्याला लागूनच आहे, दिव्याच्या उजेडात ताजी माती दिसेल. बाजाराकडून फिरवून आण."

"चाची, बाजाराकडून अर्धा तास जास्त लागतो."

"लागू दे," चाची म्हणाली.